एकाच लॉटची जोडी

गॅरंटीकाकांनी हार्ड डिस्क कानाला लावली तेव्हा आतून कुणीतरी दार ठोठावत असल्यासारखा आवाज येत होता. टक, टक, टक. मग जरा दम खाऊन पुन्हा टक. काकांनी वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. फुंकर मारून न सुधारणाऱ्या वस्तू जगात फार थोड्या, असं त्यांचं आयुष्यभराचं मत होतं. ही त्या थोड्यांतली निघाली.

स्वयंपाकघरातून पावलं वाजली आणि त्यांनी डिस्क उशीखाली सरकवली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. गळ्यावर पातळ पांढरं कापड, हातात लिहून पुसायची पाटी. पाटीवर लिहिलेलं होतं, "सापडलं?"

"सापडलं की," काका म्हणाले. "जातंय कुठे? कपाटातच होतं."

हे खोटं नव्हतं. सापडलं होतंच. काकूंनी मान हलवली, पाटी पुसली आणि त्या आत गेल्या. काका मात्र उशीवर हात ठेवून बसून राहिले. उशीखाली त्यांच्या बायकोचा आवाज होता आणि तो दार ठोठावत होता.

काकू एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. नोकरीचा सगळा काळ त्या एका काचेच्या खोलीत बसून लोकांना लोकांशी जोडून देत आल्या. त्यांचा ऑफिसातला आवाज असा होता, की समोरचा माणूस वाईट बातमी ऐकायला आलेला असला तरी क्षणभर त्याला वाटावं, बरं झालं फोन केला. काकांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते कारखान्यात स्टोअरकीपर होते. कुणा कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला होता, त्याची चौकशी करायला त्यांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "थांबा हं, जोडून देते." कामगाराचा हात वाचला. काकांचं मात्र जे व्हायचं ते झालं. पुढे बरेच दिवस ते त्या कामगाराची चौकशी करत राहिले. तो बरा होऊन कामावर आला, तरी करत राहिले.

लग्न झाल्यावर त्यांना कळलं, की घरी दुसराच आवाज असतो. हा भिंतीतून आरपार जायचा. विनंती हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. "अहो, ऐकताय का?" ही त्याची सुरुवात असायची, आणि ऐकत नसल्याचा काकांनी इतका सराव केला होता, की तिसऱ्या हाकेच्या आत ते कधी उठले नाहीत.

मग गळ्याचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, त्याला इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हॉस्पिटलात बोलण्याचे उपचार करणारी एक मुलगी होती. तिने काकूंना समजावलं, "काकू, ऑपरेशनच्या आधी आपण तुमची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवू. पुढे त्यातून तुमचा आवाज बनवता येतो. तुम्ही मशीनवर टाइप करायचं, मशीन तुमच्या आवाजात बोलणार. फक्त रांग मोठी आहे. नंबर येईपर्यंत रेकॉर्डिंग जपून ठेवा."

"जपून ठेवा" हे शब्द तिने गॅरंटीकाकांसमोर उच्चारले होते. लोक त्यांना गॅरंटीकाका उगाच म्हणत नसत. झाडू घेतानाही ते कंपनी विचारत. नळाची, पंख्याची, कुलपाची, प्रत्येकाची त्यांची एकेक ठरलेली कंपनी होती, आणि दुसऱ्या कंपनीचा पंखा असलेल्या घरात ते घाम पुसत बसत, पण वारा घेत नसत.

रेकॉर्डिंगसाठी हॉस्पिटलाने एक कंप्युटर दिला. मागच्या खोलीत काकांनी चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि कानांवर हेडफोन चढवून ते तपासणीला बसले. काकू कागदावरची वाक्यं वाचत. वाक्यं विचित्र होती, सगळे आवाज त्यात यावेत म्हणून मुद्दाम जुळवलेली. "पिवळ्या छत्रीखाली ठेंगणा झाडूवाला गाढ झोपला होता." काकू ते अगदी ऑफिसच्या आवाजात वाचत. वाक्य निर्मळ उतरलं की काका म्हणत, "पास." खोकला आला, कुकरची शिट्टी झाली, हसू फुटलं, की म्हणत, "नापास. परत."

"तो झाडूवाला खुशाल झोपलाय," काकू मध्येच म्हणत, "आणि मला मेलीला पाणी प्यायलाही उठू देत नाही हा माणूस."

"नापास," काका शांतपणे म्हणत.

"तुमच्या आईला सांगायला हवं होतं, मुलगा तपासून द्या म्हणून."

"हेही नापास."

पण नापास झालेलं त्यांनी पुसलं नाही. स्टोअरकीपर माल फेकत नसतो. परत गेलेल्या मालाचीही वेगळी मांडणी असते. म्हणून दोन फोल्डर झाले, "पास" आणि "नापास".

कंप्युटर परत करताना आतलं सगळं पुसून द्यायचा नियम होता. त्याआधी रेकॉर्डिंग ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला, आणि तिथे मेव्हण्याने तोंड घातलं.

काकूंच्या धाकट्या भावाचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडे हार्ड डिस्कच्या दोन कंपन्या प्रामुख्याने यायच्या. एकीचं लेबल लाल, एकीचं निळं. मेव्हणा लालचा भक्त. काकांच्या कारखान्यात निळी वापरत असत, म्हणून काका निळ्याचे. या विषयावर दोघे इतकी वर्षं भांडत होते, की घरात कुणी पाहुणे आले आणि बोलायला विषय उरला नाही तर काकूच म्हणायच्या, "अहो, ते लाल-निळ्याचं काढा ना, तेवढाच वेळ जाईल."

"भावोजी, एक लाल घ्या, एक निळी घ्या," मेव्हणा तेव्हा म्हणाला होता. "आणि एक कॉपी माझ्याकडे ठेवा. वेगळी कंपनी, वेगळं घर."

"माझी बायको माझ्या घरी राहील," काका म्हणाले होते.

"मग इंटरनेटवर ठेवा," उपचारवाली मुलगी म्हणाली. "ढगात ठेवणं म्हणतात त्याला."

"ऑपरेशन तोंडावर आलंय बाई," काका म्हणाले. "ढगाचं नाव काढू नकोस."

काकांनी दोन्ही निळ्या घेतल्या. नुसत्या निळ्या नाहीत. कारखान्यात बेअरिंग बदलताना जोडी नेहमी एकाच लॉटची घ्यायची असा दंडक होता, म्हणजे दोन्ही सारखी चालतात आणि सारखी झिजतात. काकांनी दुकानदाराला खोकीमागून खोकी उघडायला लावली आणि लागोपाठच्या नंबरांची जोडी मिळाल्यावरच ते उठले. दोन्हींवर सगळं रेकॉर्डिंग भरलं, दोन्ही एका मऊ फडक्यात गुंडाळल्या आणि कपाटाच्या एकाच खणात शेजारी शेजारी ठेवल्या. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. आठवड्याने काकूंचं ऑपरेशन झालं आणि घर गप्प झालं.

वर्ष उलटून गेलं. आता नंबर आला होता. आवाज घेऊन या, असा हॉस्पिटलातून निरोप होता.

काकांनी दुसरी डिस्क शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या कंप्युटरला जोडली. ही निदान ठोठावत नव्हती. पडद्यावर "पास" आणि "नापास" अशी दोन नावं हळूच उमटली आणि काकांचा श्वास मोकळा झाला. त्यांनी "पास" उघडलं. गोल चक्र फिरत राहिलं. मग आतून एक बारीक, खरखरीत आवाज आला, पाटीवर नख ओढल्यासारखा. काकांनी वायर उपटली. या वेळी फुंकर मारायचं धाडस त्यांना झालं नाही.

"अरे वा, भावोजी! आज वाट कशी चुकलात?" मेव्हणा दुकानातून ओरडला. "निळ्याचे पुजारी लालच्या देवळात?"

काकांनी फडकं उघडून दोन्ही डिस्क काउंटरवर ठेवल्या. मेव्हण्याच्या तोंडचं हसू जिथल्या तिथे विरलं. त्याने विचारलं नाही काय आहे म्हणून. लेबलं बघून, नंबर बघून त्याने एकदा डोळे मिटले.

"दोन्ही?"

"एक ठोठावते. एक खरवडते."

मेव्हण्याने ठोठावणारी कानाला लावली आणि बाजूला ठेवली. दुसरीला त्याने हातच लावला नाही. मोठ्या शहरातल्या एका लॅबमध्ये त्याचा ओळखीचा माणूस होता, त्याला फोन लावून नंबर वाचून दाखवले. पलीकडचं ऐकत तो नुसता हं हं करत राहिला.

"भावोजी," फोन ठेवून तो म्हणाला, "आत एक तबकडी असते आणि तिच्यावरून एक बारीक सुई तरंगते. तबकडीला न टेकता. या लॉटमध्ये सुईचंच काही बिनसलंय, बसून राहिली की टेकते. मग फिरवाल तेवढी खरवडते. उघडून उपयोग होत नाही म्हणतो तो. पहिली गेलीच. दुसरी एकदा फिरेल, नशीब असेल तर. त्यात निघेल ते आपलं."

काका स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी काउंटरच्या काचेवर बोटाने रेघा ओढल्या.

"तू ठेवली असशील ना रे एक कॉपी?" ते एकदम म्हणाले. "मला न सांगता. तुझा स्वभावच तसला आहे. मी नाही रागावणार. खरंच नाही रागावणार."

मेव्हण्याने नकारार्थी मान हलवली. "ठेवणार होतो. त्या दिवशी लाल डिस्क पिशवीत घेऊनच आलो होतो. ताई म्हणाली, त्यांना विचार. तुम्ही नाही म्हणालात."

"मी नाही म्हटलं म्हणून काय झालं? जन्मात कधी ऐकलंस माझं?"

"तेवढं एकदाच ऐकलं, भावोजी."

मग काका हळूच म्हणाले, "बोल आता. लालच चांगली म्हण. तुझा हक्क आहे."

मेव्हण्याने काउंटरखालून एक खोका ओढला. आत मेलेल्या डिस्क रचून ठेवल्या होत्या. लाल होत्या, निळ्या होत्या, हिरव्या, काळ्या होत्या, नाव न ऐकलेल्या कंपन्यांच्याही होत्या. "गिऱ्हाईक आलं की हा खोका मी पायाने आत ढकलतो," तो म्हणाला. "लाल यात कमी आहेत असं मी सांगत आलो. मोजल्या कधीच नाहीत. भीती वाटते."

काकांनी खोक्यात पाहिलं. सगळ्या सारख्याच गप्प होत्या. त्यांना कारखान्यातला दंडक आठवला. सारखी चालतात, सारखी झिजतात. हे वाक्य त्यांनी नव्या पोरांना किती अभिमानाने शिकवलं होतं. बेअरिंगसाठी ते बरोबरच होतं. ते बायकोला लावायचं नव्हतं.

काकूंना सांगताना त्यांचं तोंड कपाटाकडे होतं. सगळं सांगून झालं तरी मागे काही हालचाल नव्हती, म्हणून ते वळले. काकूंनी पाटीवर लिहिलं होतं, "दोन्ही?"

काकांनी मान हलवली.

पाटी पुसली गेली. "निळ्या?"

काकांनी पुन्हा मान हलवली. काकू पलंगावर बसल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. काका बघत राहिले. पूर्वी हे शेजारच्या खोलीतूनही कळायचं. आता समोर बसूनही कळेना, की ही हसते आहे की रडते आहे. विचारायची त्यांची छाती झाली नाही. ते शेजारी बसले आणि दोन्हींसाठी चालेल असा हात त्यांनी तिच्या पाठीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दुकानात बसली. मेव्हण्याने दुकानाचं दार ओढून घेतलं, पंखा बंद केला. पंख्याचा डिस्कशी काही संबंध नव्हता, पण तो लावायला कुणी उठलं नाही. त्याने डिस्क जोडली. दोन नावं उमटली.

"यातलं एक आधी घ्यायचं," तो म्हणाला. "दुसऱ्यापर्यंत पोचू की नाही सांगता येत नाही. सांगा."

"पास," काका म्हणाले. "विचारायचं काय त्यात?"

पाटीवर पेनाचा करकर आवाज झाला. काकूंनी पाटी दोघांच्या मध्ये धरली. "नापास."

"अगं, वेडी आहेस का? नापासमध्ये कुकर आहे. खोकला आहे. मला काय वाटेल ते बोलली आहेस त्यात."

"तेच हवं," काकूंनी लिहिलं.

"ताई, मशीनला स्वच्छ आवाज लागतो," मेव्हणा दबकत म्हणाला. "भावोजी म्हणतात ते..."

काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो लहानपणापासून त्या नजरेला ओळखत होता. मग काकूंनी सावकाश लिहिलं, पाटी भरली तशी पुसून पुन्हा लिहिलं. "पासमध्ये ऑपरेटर आहे. ती रिटायर झाली. तिच्या आवाजात मी तुमच्याशी कधी भांडले का?"

काकांनी ते वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. त्यांना सांगायचं होतं, की अगं, मला तीच तर आधी भेटली. थांबा हं, जोडून देते, असं म्हणणारी. ती तिथे आत, तबकडीच्या कुठल्यातरी वळणावर, ठेंगण्या झाडूवाल्याबद्दल काहीतरी वाचत बसली आहे आणि मी तिला सोडून द्यायचं? पण ज्या बाईचा आवाज होता ती समोर बसून पाटी धरून होती, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच परवानगी मागत होती.

"नापास आधी घे," काका म्हणाले. आणि मग उगाचच ओरडले, "घे म्हणतो ना! बघत काय बसलास!"

डिस्क फिरायला लागली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मध्येच ती थांबायची, आतून खरवडल्याचा आवाज यायचा आणि तिघांचीही तोंडं आवळली जायची. पुन्हा सरकायची. कितीतरी वेळाने पट्टी टोकाला गेली.

"आलं," मेव्हणा पुटपुटला. "थोडं गळलंय, पण आलं. भावोजी, आता पास."

पासमधली एक फाईल आली. दुसरी अर्धी आली. मग आतून टक असा आवाज झाला. टक, टक, टक. आणि पडद्यावरून दोन्ही नावं गेली.

मेव्हण्याने वायर काढली. "जी आली ती ऐकायची?" त्याने विचारलं.

काकांनी मान हलवली. "पिवळ्या छत्रीखाली ठेंगणा झाडूवाला गाढ झोपला होता," काकूंचा तो ऑफिसातला मऊ, सावकाश आवाज दुकानभर पसरला. वाक्य संपलं. काका खाली वाकले आणि पायातली चप्पल नीट करू लागले. चप्पल नीटच होती. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, काल त्यांनी ठेवला होता तसाच.

उपचारवाल्या मुलीने रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा ती आधी घाबरली, मग लाजली, मग म्हणाली की बघू काय होतं ते. बरेच दिवस गेले. शेवटी तिने मशीन काकूंच्या पुढ्यात ठेवलं. काकूंनी टाइप केलं, आणि मशीनमधून काकू बोलल्या, "आभारी आहे."

आवाज घोगरा होता. मधूनच एखादा शब्द अडखळत होता, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा वर चढत होता. आभार मानल्यासारखं नव्हे, आभार मागितल्यासारखं वाटत होतं.

"सॉरी काकू," मुलगी म्हणाली. "सगळं साहित्यच तसं होतं. थोडा रागीट आलाय."

"थोडाच?" मशीन म्हणालं.

काका खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि मुलीला विचारलं, "याची गॅरंटी किती?"

मुलीने खरं उत्तर दिलं. मशीनची होती, आवाजाची नव्हती. काकूंना दर सहा महिन्यांनी गळा तपासून घ्यायला जायचं होतंच, त्यात काय निघेल याचीही नव्हती.

परतीच्या वाटेवर काका मेव्हण्याच्या दुकानात थांबले. आवाजाची फाईल ठेवायला डिस्क हव्या होत्या. "कुठली देऊ?" मेव्हण्याने विचारलं. त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, आणि काकांना तो नसल्याचं फार जाणवलं.

"एक निळी दे," काका म्हणाले. "एक लाल. आणि एक ती हिरवी, जिचं नाव आपण दोघांनी कधी ऐकलं नाही."

"तिन्ही घरी नेता?"

"निळी नेतो. हिरवी त्या मुलीकडे देतो." काकांनी लाल डिस्क बोटाने त्याच्याकडे सरकवली. "लाल तुझ्याकडे राहू दे. ती माहेरी राहिली तर काय बिघडतंय?"

मेव्हण्याने लाल डिस्कवर ताईचं नाव घातलं आणि ती दुकानात न ठेवता खिशात टाकून घरी नेली.

दोन दिवसांनी सकाळी काका बाहेरच्या खोलीत पंख्याचा स्क्रू बघत होते. स्वयंपाकघरातून आवाज आला, घोगरा, भिंतीतून आरपार जाणारा.

"अहो, ऐकताय का?"

काका स्टुलावरून उतरले आणि स्क्रू हातात धरूनच आत गेले. काकूंनी त्यांना दारात पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मशीनकडे वळून सावकाश टाइप केलं.

"पहिल्याच हाकेला?" मशीन म्हणालं. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"बरं आहे," काका म्हणाले. "परत एकदा म्हण."